पिट्सबर्ग, मॅडिसन की चॅटनूगा: आधी दुसरी नोकरी बघा, मग गाव

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळ पुण्याचं जोडपं सध्या न्यू जर्सीत एडिसनला राहतं. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, एच-१बीवर (कंपनीमार्फत मिळणारा कामाचा व्हिसा), आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर झालेला. बायको एच-४ ईएडीवर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा आणि त्यावरचा कामाचा परवाना) डेटा ॲनालिस्ट. मुलीला ऑगस्टच्या अखेरीस पाच वर्षं पूर्ण होतील. आईवडील एक वर्षाआड सहा महिन्यांसाठी येतात. पेनसिल्व्हेनियातलं पिट्सबर्ग, विस्कॉन्सिनमधलं मॅडिसन आणि टेनेसीतलं चॅटनूगा अशा तीन ठिकाणी नोकरी मिळतेय, पगार सगळीकडे १,२०,००० डॉलरच्या आसपास. तिन्ही गावं "राहायला उत्तम" म्हणून याद्यांमध्ये झळकतात. मग कुठलं घ्यावं?

तुमच्या परिस्थितीत पिट्सबर्ग. बायकोला मॅडिसनमध्ये स्वतंत्र नोकरी मिळत असेल तरच मॅडिसन. चॅटनूगा गाव म्हणून फार सुंदर आहे, पण ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत तिथे सुट्टीला जा, बिऱ्हाड करू नका.

कारण सरळ आहे. "राहायला उत्तम" याद्या घरभाडं, बागा, गुन्हेगारी, शाळांचे गुण मोजतात. एच-१बीवर असलेल्या माणसाला यापेक्षा मोठा एक प्रश्न असतो: ही नोकरी गेली तर त्याच गावात दुसरी मिळेल का? नोकरी सुटल्यावर तुम्हाला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि आय-९४ (देशात राहण्याच्या मुदतीची नोंद) त्याआधी संपत असेल तर तेवढेच. त्या मुदतीत नव्या कंपनीचा अर्ज दाखल व्हायला हवा. श्रम खात्याकडून एलसीए (कामाची जागा आणि पगार यांची कंपनीने दिलेली हमी) मंजूर व्हायला कामाचे सात दिवस लागतात. कंपनीने पूर्वी कधीच एच-१बी भरली नसेल तर आधी तिच्या कर क्रमांकाची पडताळणी होते, त्यात आणखी काही दिवस. वकिलांची कागदपत्रं वेगळी. म्हणजे ६० दिवसांतले मुलाखतींसाठी खरे हातात राहतात ३५ ते ४०. छोट्या गावात हीच गाठ बसते: तिथल्या मध्यम कंपन्या माणूस म्हणून तुम्हाला आनंदाने घेतील, पण व्हिसाचं नाव काढलं की पाय मागे घेतील, कारण त्यांनी ते कधी केलेलंच नसतं.

"रिमोट काम मिळेल" यावर फार भिस्त ठेवू नका. घरून काम केलं तरी ज्या भागात घर आहे त्या भागाचा एलसीए लागतो. आणि नवऱ्याचा दर्जा गेला की बायकोचा एच-४ आणि ईएडी दोन्ही डळमळतात, म्हणजे एका नोकरीवर दोन पगार टांगलेले. भर म्हणून, ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या ईएडी नूतनीकरणांना आपोआप मुदतवाढ मिळत नाही. नवं कार्ड येईपर्यंत बायकोला काम थांबवावं लागू शकतं, त्यामुळे नूतनीकरणाचा अर्ज परवानगी असलेल्या पहिल्या दिवशीच टाका.

आय-१४० मंजूर असल्याने तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख, नव्या कंपनीतही टिकेल. पर्म (त्या जागेसाठी अमेरिकी माणूस मिळत नाही, हे कंपनीने श्रम खात्याला दाखवणं) मात्र नव्याने करावं लागेल, आणि ते कामाच्या जागेला बांधलेलं असतं. उद्या त्याच कंपनीने तुम्हाला दुसऱ्या महानगर क्षेत्रातल्या कार्यालयात हलवलं तर बहुधा पुन्हा पहिल्यापासून. ऑफर स्वीकारण्याआधी लेखी विचारून घ्या: पर्म कधी सुरू करणार, आणि कुठल्या पत्त्यावर.

दुसऱ्या नोकरीचा अंदाज बांधायचा तर आकडे फुकट उपलब्ध आहेत. श्रम खातं एलसीएची माहिती दर तिमाहीला एक्सेलच्या फायलीत प्रसिद्ध करतं. शेवटच्या चार तिमाह्यांच्या फायली उतरवा. कामाच्या जागेच्या काउंटीप्रमाणे (जिल्ह्याप्रमाणे) गाळा: पिट्सबर्गसाठी ॲलेगेनी, मॅडिसनसाठी डेन, चॅटनूगासाठी हॅमिल्टन. मग व्यवसायाचा कोड लावा. सॉफ्टवेअर डेव्हलपरसाठी १५-१२५२, डेटा सायंटिस्टसाठी १५-२०५१. यानंतरची पायरी बहुतेक जण विसरतात: ज्या ओळींत माणूस दुसऱ्याच कंपनीत बसवला जाणार असं नोंदलंय त्या काढून टाका, कारण ते कन्सल्टिंगवाले आहेत आणि कंत्राट संपलं की गावातून उठतात. उरलेल्यांत वर्षाला किमान तीन अर्ज केलेल्या कंपन्या मोजा. हा आकडा दहाच्या खाली असेल तर एकाच पगारावर जगणाऱ्या व्हिसावाल्या कुटुंबाने ते गाव घेऊ नये. पंचविसाच्या वर असेल तर निश्चिंत. मधल्या आकड्याला बायकोच्या क्षेत्राची मोजणी वेगळी करून ठरवा. ही सीमा काटेकोर नाही, पण याद्यांतल्या गुणांपेक्षा खूपच भरवशाची आहे.

तिन्ही गावांत मोठे नोकरदाते कोण, तेही बघा. पिट्सबर्गला इस्पितळं आणि विमा (यूपीएमसी, हायमार्क), बँका (पीएनसी, बीएनवाय), कार्नेगी मेलनच्या आसऱ्याने वाढलेलं रोबोटिक्स, गूगलचं कार्यालय, ड्युओलिंगोचं मुख्यालय, शिवाय पीपीजी, वॅबटेक, वेस्टिंगहाउस. एक क्षेत्र खाली गेलं तरी दुसरं उभं राहतं. पोलाद गेल्यावर हे शहर याच बळावर सावरलं. १९५० साली साडेसहा लाखांच्या वर असलेली वस्ती २०२०च्या जनगणनेत तीन लाखांवर आली, म्हणून तर इतक्या नोकऱ्या असूनही घरं अजून आवाक्यात आहेत. मॅडिसनला एपिक ही आरोग्य-सॉफ्टवेअरची कंपनी (१९७९पासून, आता शेजारच्या व्हेरोनात), विद्यापीठ, राज्य सरकार, अमेरिकन फॅमिली आणि ट्रूस्टेजसारख्या विमा कंपन्या, फिचबर्गला प्रोमेगा. तिथे आरोग्य-आयटी येत असेल तर काम भरपूर, नसेल तर मैदान लगेच आखूड होतं. चॅटनूगाला ब्लूक्रॉस ब्लूशील्ड ऑफ टेनेसी आणि यूनम या विमा कंपन्या, टीव्हीए ही सरकारी वीज कंपनी आणि फोक्सवॅगनचा कारखाना. त्यानंतर यादी झपाट्याने संपते.

विद्यापीठाची ऑफर असेल तर जपून. विद्यापीठांना एच-१बीची वार्षिक मर्यादा लागू नाही. तुमची त्या मर्यादेत गणना आधीच झालेली असल्याने तुम्हाला अडचण नाही. पण बायकोने पुढे विद्यापीठामार्फतच पहिली एच-१बी घेतली, तर खासगी कंपनीत जाताना तिला मर्यादेतल्या जागांच्या लॉटरीत उतरावं लागेल.

आता पैसा. "टेनेसीत इन्कम टॅक्स नाही" या एका वाक्यावर लोक घर हलवतात, म्हणून हिशेब मांडतो. पेनसिल्व्हेनियाचा राज्य कर सरसकट ३.०७ टक्के, म्हणजे १,२०,००० वर ३,६८४ डॉलर. त्यावर स्थानिक कमाई कर: पिट्सबर्ग शहराच्या हद्दीत राहिलात तर ३ टक्के (३,६००), बहुतेक उपनगरांत १ टक्का (१,२००). फक्त हद्दीमुळे वर्षाला २,४०० डॉलरचा फरक. विस्कॉन्सिनचा कमाल दर ७.६५ टक्के ऐकून घाबरायचं कारण नाही. तो जोडप्याच्या चार लाखांहून जास्त उत्पन्नावर लागतो, तुमच्या पगारावर राज्य कर साधारण ५,००० डॉलर पडेल. शिवाय पेनसिल्व्हेनिया तुम्ही ४०१(के)त, म्हणजे निवृत्तीच्या बचतखात्यात, टाकलेल्या रकमेवरही कर लावतं, विस्कॉन्सिन लावत नाही. वर्षाला २०,००० ४०१(के)त टाकत असाल तर मॅडिसनचा राज्य कर पिट्सबर्गच्या उपनगराइतकाच किंवा थोडा कमीच भरतो.

टेनेसीत पगारावर शून्य. पण विक्रीकर हॅमिल्टन काउंटीत ९.२५ टक्के, आणि डाळ-तांदूळ-भाजीवरही ६.२५ टक्के. पेनसिल्व्हेनियात वाणसामान आणि रोजचे कपडे दोन्ही करमुक्त आहेत, बाकी वस्तूंवर ॲलेगेनी काउंटीत ७ टक्के. महिना ६०० वाणसामान आणि ९०० इतर खरेदी धरली तर चॅटनूगात वर्षाचा विक्रीकर सुमारे १,४५० डॉलर, पिट्सबर्गला जास्तीत जास्त ७५६, त्यात कपडे असतील तर आणखी कमी. सगळं मिळून चॅटनूगा पिट्सबर्गच्या उपनगरापेक्षा वर्षाला चार हजारांनी स्वस्त पडतं. खरी बचत आहे. पण चॅटनूगात दोन गाड्या लागतातच, आणि दुसरी गाडी ही बचत पुरती खाऊन टाकते. पिट्सबर्गला स्क्विरल हिल किंवा माउंट लेबननला एका गाडीवर निभावतं. आणि पगार दोन महिने बंद पडला तर २०,००० डॉलर जातात, त्याची बरोबरी पाच वर्षांच्या करबचतीशी होते.

पिट्सबर्गबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण चुका तिथेच जास्त होतात.

पहिली चूक पत्त्याची. ॲलेगेनी काउंटीत १३० नगरपालिका आणि ४३ स्कूल डिस्ट्रिक्ट (सरकारी शाळांचे विभाग) आहेत. टपालाच्या पत्त्यात "पिट्सबर्ग" लिहिलेलं घर शहराच्या हद्दीत असेलच असं नाही. रस्त्याच्या या बाजूला ३ टक्के, त्या बाजूला १ टक्का, आणि शाळाही वेगळी. भाडेकरार करण्याआधी राज्याच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून सहा अंकी पीएसडी कोड (घर कुठल्या करहद्दीत आहे ते सांगणारा) काढा आणि रुजू होताना एचआरला तोच द्या. चुकीचा कोड गेला तर वर्षभर चुकीच्या दराने कपात होते आणि एप्रिलमध्ये थकबाकी अंगावर येते.

दुसरी चूक मालमत्ता कराची. काउंटी, नगरपालिका आणि शाळा अशी तीन वेगळी बिलं येतात. मूल्यांकनाचं आधारवर्ष २०१२ आहे, त्यामुळे जुन्या मालकाचा कर बऱ्याचदा फारच कमी दिसतो. घर विकलं गेलं की स्कूल डिस्ट्रिक्ट नव्या खरेदी किमतीचा दाखला देऊन मूल्यांकन वाढवायला अपील करत आली आहेत. म्हणून जाहिरातीतल्या कराच्या आकड्यावर मासिक हप्ता बसवू नका. खरेदीच्या किमतीवर कर वाढला तर परवडेल का, ते बघा.

तिसरी, आणि सगळ्यात महाग चूक जमिनीखालची. घरं शंभर वर्षांची, डोंगरउतारावर, खाली जुन्या कोळशाच्या खाणी. नेहमीच्या तपासणीखेरीज चार गोष्टी करून घ्या. सांडपाण्याच्या नळात कॅमेरा घालून बघायला दोन-तीनशे डॉलर लागतात. जुने नळ भाजक्या मातीचे, सांध्यांतून झाडांची मुळं शिरतात, आणि नळ बदलायची वेळ आली तर खर्च सहज दहा हजारांवर जातो. डाय टेस्ट, म्हणजे छपराच्या पन्हाळीत रंगीत पाणी ओतून ते मैल्याच्या गटारात तर जात नाही ना हे पाहणं, बहुतेक नगरपालिका विक्रीआधी मागतात. त्याचा दाखला विकणाऱ्याकडूनच घ्या. राज्याच्या पर्यावरण खात्याच्या नकाशावर पत्ता टाकून खाली खाण आहे का बघा. असेल तर खाण खचण्याचा विमा त्याच खात्याकडून वेगळा मिळतो, साध्या गृहविम्यात तो नसतो. आणि रेडॉन, म्हणजे जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, मोजून घ्या. ४ पिकोक्युरी प्रतिलिटर किंवा त्याहून जास्त आलं तर तळघरातून वायू बाहेर काढणारी नळी-पंख्याची यंत्रणा विकणाऱ्याला बसवायला सांगा.

दरड मात्र कुठल्याच साध्या विम्यात येत नाही. मागच्या अंगणातल्या रिटेनिंग वॉलकडे, म्हणजे उताराची माती अडवणाऱ्या भिंतीकडे, नीट बघा. भिंत पोटाशी फुगलेली, पाणी झिरपायची भोकं मातीने बुजलेली, उतारावरची झाडं बुंध्याशी वाकून मग सरळ वाढलेली, घरातली दारं चौकटीत अडकणारी, यांतलं काहीही दिसलं तर आधी भू-तंत्रज्ञ अभियंता बोलवा, मग बोली लावा. भिंत नक्की कोणाच्या हद्दीत येते हेही विचारा, कारण ती बांधायला लागणारा पैसा कधीकधी गाडीपेक्षा जास्त असतो. १९७८पूर्वीच्या घरात रंगात शिसं असल्याचं धरूनच चालायचं. लहान मूल आहे, तेव्हा खिडक्यांच्या चौकटीतली रंगाची भुकटी आणि पाण्याचा रस्त्याकडून येणारा नळ शिशाचा आहे का, हे दोन्ही बघा.

म्हणूनच पहिलं वर्ष भाड्याने राहा. दक्षिणेला डॉर्मॉंट, माउंट लेबनन, बेथेल पार्क हा पट्टा "टी" या हलक्या रेल्वेवर आहे आणि डाउनटाउनला गाडीशिवाय जाता येतं. पूर्वेला मनरोव्हिल आणि पेन हिल्स या भागात आपली वस्ती जुनी. मनरोव्हिलला हिंदू-जैन मंदिर, पेन हिल्सला १९७०च्या दशकातलं श्रीवेंकटेश्वर मंदिर. पण पूर्वेकडून डाउनटाउनला जायचं म्हणजे स्क्विरल हिलचा बोगदा, आणि तिथे सकाळी गाड्या बोगद्याच्या तोंडाशी ब्रेक मारतात, त्यामुळे रांग लागते. घर आणि कामाच्या मध्ये बोगदा येणार नाही असं घर शोधा. पिट्सबर्गमध्ये रोजचा अर्धा तास यानेच वाचतो. घरात दम्याचा त्रास असेल तर आग्नेयेकडची मॉनोंगाहेला खोऱ्यालगतची उपनगरं टाळा. क्लेअरटनच्या कोक कारखान्याचा धूर हिवाळ्यात थंड हवेच्या थराखाली अडकून पहाटे खोऱ्यात साचतो. उत्तरेकडे फॉक्स चॅपल, नॉर्थ ॲलेगेनी या भागात हा त्रास पुष्कळ कमी. शाळाही चांगल्या, पण गाडीशिवाय पान हलत नाही.

मॅडिसन मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर बसलंय, आणि तिथलं सगळं गणित या पट्टीचं आहे. पूर्व-पश्चिम वाहतुकीला मोजकेच रस्ते. काम व्हेरोनात आणि घर सन प्रेरीत असं केलंत तर बेल्टलाइन या वळसा घालणाऱ्या महामार्गावर हिवाळाभर हाल होतील. कामाच्या बाजूलाच घर घ्या: व्हेरोना, फिचबर्ग, मिडलटन. सप्टेंबर २०२४पासून पूर्व-पश्चिम धावणारी जलद बस सुरू झाली आहे, त्या मार्गावर घर मिळालं तर दुसरी गाडी वाचते.

भाड्याचं चक्र तिथे वेगळंच असतं. विद्यापीठाच्या आसपासचे करार १४ ऑगस्टला दुपारी संपतात आणि नवे १५ला सुरू होतात. मधल्या रात्री निम्मं गाव सामान ट्रकमध्ये भरून बाहेर असतं. ट्रक, हमाल, हॉटेल सगळं महिनोन्‌महिने आधी बुक झालेलं असतं. कुटुंबाने या परिसरापासून दूर, जून किंवा जुलैत सुरू होणारा करार बघावा.

थंडी सोसवते का, हा प्रश्न पुण्याच्या माणसाला पडतोच. एडिसनचा हिवाळा काढलाय म्हणून मॅडिसनचा झेपेल असं नाही. जानेवारीत रात्री उणे १२ ते १५ सेल्सिअस ही नेहमीची गोष्ट, लाटेत उणे २५च्याही खाली. गाडीला चारही हिवाळी टायर घाला. बर्फ नसतानाही ७ अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक होऊन पकड सुटते. १५ नोव्हेंबर ते १५ मार्च रात्री एक ते सकाळी सातपर्यंत रस्त्यावर गाडी लावायची तर सम तारखेला सम घरक्रमांकाच्या बाजूला, विषम तारखेला विषम बाजूला. हा नियम कुठल्या भागात आणि कुठल्या रात्री लागू आहे ते शहराच्या संकेतस्थळावर बघा, नाहीतर नवा माणूस पहिल्याच आठवड्यात दंड भरतो. मध्यरात्रीनंतरची तारीख धरायची, हे लक्षात ठेवा. घरासमोरचा पदपथ बर्फ थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत साफ करणं ही घरात राहणाऱ्याची जबाबदारी. घर तापवणाऱ्या भट्टीचा धूर बाहेर टाकणारी पांढरी नळी भिंतीतून जमिनीलगत निघते. तिच्यासमोर बर्फ साचला तर भट्टी बंद पडते किंवा कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. मोठ्या बर्फानंतर सगळ्यात आधी ही नळी मोकळी करा, दारासमोरचा रस्ता मग.

चॅटनूगाची गोष्ट वेगळी. १९६९ साली देशातली सगळ्यात घाण हवा म्हणून ज्याचं नाव निघालं, त्या गावाने नदीकाठ असा उभा केला की बघत राहावं: १८९१चा वॉलनट स्ट्रीट पूल आता फक्त चालणाऱ्यांसाठी, शेजारी १९९२चं मत्स्यालय, वर लुकआउट माउंटन. २०१०मध्ये तिथल्या सार्वजनिक वीज संस्थेने, ईपीबीने, घराघरात एक गिगाबिटचं फायबर नेलं. ग्रीन कार्ड आणि पक्कं रिमोट काम असणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगलं छोटं गाव शोधावं लागेल. घर घेताना तळाखालची रांगत जायची जागा, क्रॉल स्पेस, स्वतः टॉर्च घेऊन बघा. दमट हवेने तुळया कुजतात. जमिनीवर अखंड प्लॅस्टिक अंथरलेलं असायला हवं. वाळवीच्या वार्षिक कराराची कागदं मागा, आणि डोंगरावरच्या घरांना बहुधा सेप्टिक टँक असते, ती उपसून तपासा. मार्च-एप्रिलमध्ये परागकणांनी गाड्या पिवळ्या होतात, ॲलर्जीवाल्यांनी आधी एकदा त्या दिवसांत राहून बघावं.

मुलीच्या शाळेचा मुद्दा तारखांमुळे नाजूक आहे. विस्कॉन्सिनमध्ये किंडरगार्टनसाठी १ सप्टेंबरपर्यंत पाच पूर्ण हवीत, टेनेसीत १५ ऑगस्टपर्यंत. ऑगस्टच्या अखेरचा वाढदिवस म्हणजे मॅडिसनला ती यंदा बसेल, चॅटनूगाला एक वर्ष थांबेल. त्या वर्षाचा डेकेअरचा खर्च हिशेबात धरा. पेनसिल्व्हेनियात प्रत्येक डिस्ट्रिक्टची तारीख वेगळी, त्यामुळे घर ठरवण्याआधी डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाला फोन करा. विस्कॉन्सिनची सरकारी शाळा कायद्यानेच १ सप्टेंबरच्या आधी सुरू होत नाही, टेनेसीची ऑगस्टच्या सुरुवातीच्या पंधरवड्यातच भरते. टेनेसीत लसीकरणाचा दाखला त्यांच्याच नमुन्यात लागतो. न्यू जर्सीचा कागद चालत नाही, तिथल्या डॉक्टरकडून किंवा काउंटीच्या आरोग्य केंद्रातून नवा करून घ्यावा लागतो, आणि जुलैअखेर केंद्रात गर्दी असते.

आरोग्यविम्यात एकच गोष्ट जपा: पिट्सबर्गला यूपीएमसी आणि हायमार्क-ॲलेगेनी अशा दोन छावण्या आहेत. विमा निवडण्याआधी बालरोगतज्ज्ञ आणि जवळचं इस्पितळ कुठल्या छावणीत ते बघा. चॅटनूगालाही ब्लूक्रॉसचं "एस" नेटवर्क (विम्यात येणाऱ्या डॉक्टर-इस्पितळांची यादी) "पी"पेक्षा अरुंद आहे. हप्ता कमी दिसतो म्हणून तेच उचलू नका.

आईवडिलांचं येणं हे तुमच्या निर्णयातलं मोठं वजन असायला हवं. गाडी चालवू न शकणारी दोन ज्येष्ठ माणसं सहा महिने कुठे जातील, कोणाशी बोलतील? स्क्विरल हिल किंवा माउंट लेबननला ग्रंथालय, बाजार, बसथांबा पायी गाठता येतो. चढ मात्र आहेत, गुडघे दुखत असतील तर सपाट गल्ली निवडा. मॅडिसनला मे ते सप्टेंबर त्यांना स्वर्ग वाटेल: शनिवारी कॅपिटॉलभोवती (राज्याच्या विधानभवनाभोवती) १९७२पासून भरणारा शेतकरी बाजार, तळ्याकाठचे रस्ते. नोव्हेंबर ते मार्च त्यांना अजिबात बोलावू नका. प्रवासी आरोग्यविम्यात जुन्या आजारांना बहुधा फारच तुटपुंजं संरक्षण असतं, आणि बर्फावर घसरून मोडलेलं कंबरडं लाखो रुपयांना पडतं. चॅटनूगाच्या बहुतेक वस्त्यांत ती दोघं तुम्ही कामावरून येईपर्यंत घरातच बसून राहतील.

विमानाचं बघायचं तर मुंबईहून तिन्ही ठिकाणी थेट काही नाही. पिट्सबर्गला लंडनची थेट उड्डाणं आहेत, म्हणजे मुंबई-लंडन-पिट्सबर्ग असा एकच बदल. चॅटनूगाला अटलांटापर्यंत छोटं विमान किंवा दोन तासांची गाडी. मॅडिसनसाठी शिकागोच्या ओहेअरला उतरून बसने साधारण तीन-साडेतीन तास. लंडनमार्गे जाताना एक खाचखळगा: पासपोर्टवर चालू अमेरिकी व्हिसा असेल, जसा आईवडिलांकडे असतो, तर ट्रान्झिट व्हिसा सहसा लागत नाही. तुमचा स्वतःचा व्हिसाचा शिक्का संपलेला असेल आणि भारतात जाऊन नवा घ्यायचा असेल, तर तिकीट काढण्याआधी नियम वाचा.

मराठी सोबत कुठे मिळेल? पिट्सबर्गला गावातच. मॅडिसन आणि चॅटनूगाला गणपती-दिवाळीला गावात काही भरतं का ते आधी विचारा, नाहीतर मॅडिसनहून शिकागोच्या महाराष्ट्र मंडळाकडे आणि चॅटनूगाहून अटलांटाकडे जावं लागतं. 

ऑफरला होकार देण्याआधी तीन दिवस तिथे जाऊन राहा, आणि गावाच्या सगळ्यात वाईट दिवसांत जा: मॅडिसन आणि पिट्सबर्गला फेब्रुवारीत, चॅटनूगाला एप्रिलमध्ये किंवा ऑगस्टच्या उकाड्यात. गुरुवारी सकाळी पावणेआठला संभाव्य घरापासून कार्यालयापर्यंत स्वतः गाडी चालवा, संध्याकाळी साडेपाचला परत. दुपारी तीन डेकेअर आणि दोन बालरोगतज्ज्ञांना फोन करून नवे रुग्ण घेताय का, प्रतीक्षा किती, हे विचारा. शुक्रवारी बायकोने तिच्या क्षेत्रातल्या दोन कंपन्यांच्या लोकांना कॉफीसाठी भेटावं. त्यांच्या बोलण्यातून व्हिसाबद्दलची तयारी लगेच कळते. शनिवारी वाणसामान घ्या, बसने एक फेरी मारा आणि अंधार पडल्यावर त्या गल्लीत अर्धा तास चालून या. पिट्सबर्गला वेळ उरला तर संध्याकाळी ड्यूकेन इनक्लाइनने वर जा. १८७७पासून चालणारा तो डबा डोंगरावर पोचला की तीन नद्यांचा संगम, पूल आणि तुम्हाला निवडायचं असलेलं प्रत्येक उपनगर कुठल्या टेकडीपलीकडे आहे, हे एका नजरेत समजतं.